भिंतीकडची बाजू

"धूर न्हाई," नागनाथ म्हणाला.

अंबाजीनं हँडल सोडलं आणि तो भिंतीला पाठ लावून धापा टाकत उभा राहिला. दवाखान्याचा शिपाई तो. पाणी भरणं, चिठ्ठ्या पोचवणं, रांगेतल्यांवर ओरडणं ही त्याची कामं. एवढं जड चाक फिरवायची त्याच्या दंडांना सवय नव्हती.

"सहा बारी मारलो की अण्णा. तू धूर काय बघायलास? मशीन चालू हुईना ते बघ."

"धुरावरनंच कळतंय. फिरायली आन् धूर टाकीना, म्हंजे डिझेल आत जायना झालंय. काळा असता तर येगळं, पांढरा असता तर येगळं. हितं कायच न्हाई."

"परवाबी न्हवता," अंबाजी बोलून गेला आणि जीभ चावून खाली बघू लागला.

नागनाथनं ऐकलंच नाही असं दिसलं. खरं तर ऐकलं होतं. पण विहिरीत गाळ काढणाऱ्याला काठावरच्या माणसांचं बोलणं पोचावं, तसं कालपासून सगळ्यांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचत होतं. शब्द कळत, कोण बोललं तेही कळे. वर मान करून उत्तर द्यावं एवढंच वाटत नसे.

परवा म्हणजे दसऱ्याला, तिन्हीसांजेला, लाईन गेली की दवाखान्याला उजेड देणाऱ्या ह्या मशीननं दगा दिला होता. आत टेबलावर त्याचीच लेक होती. इंदिरा. पहिलं बाळंतपण म्हणून सासरहून, खजुरीहून, महिनाभर आधी आणलेली. तीन आठवडे राहिलेले असताना दुपारीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि गावाची लाईन गेली. अंबाजीनं हँडल मारमार मारलं. कंदील आला, बॅटऱ्या आल्या, तोवर जी वेळ जायची ती गेली. मुलगा होता. काल सकाळी ओढ्याकाठच्या बाभळीखाली नागनाथनं स्वतःच्या हातांनी त्याला मातीआड केलं. जावई बळीराम शेजारी नुसता उभा होता. दुपारच्या गाडीनं तो आईला आणायला म्हणून खजुरीला गेला.

आणि चौदा वर्षं ही मशीन चालवणारा ऑपरेटर, तो स्वतः, परवा इथं नव्हता. बिदरला गेला होता.

आज सकाळी सातलाच डॉक्टर लिंगराज मशीनच्या खोलीच्या दाराशी आले होते. गुलबर्ग्याकडचा तरुण माणूस. कानडी त्याची घरची, पण नागनाथशी ते दखनीत बोलत.

"घर कू जा नागनाथ. आज तेरे कू कोई काम नै बोलता."

"मग मशीन कोण बघंल साहेब?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "बारा बजे बिदर से सुपरवायजर आता. मशीन कायकू चालू नै हुई, लिख के देना पडता. कारन नै मिला तो वो क्या लिखता, मालूम है ना? आपरेटर गैरहाजर. बस. तेरा कागद अब्बीच ऊपर गया है."

कागद म्हणजे कायम करण्याचा. चौदा वर्षं नागनाथ रोजंदारीवर होता. श्रावणात पहिल्यांदा त्याचं नाव वर गेलं होतं, आणि ते ऐकून इंदिरानं खजुरीहून पत्र पाठवलं होतं: अप्पा, आता तरी एक नवा सदरा शिवा.

त्यानं मान हलवली होती आणि पान्यांची पिशवी उघडली होती. हातांना काहीतरी हवं होतं.

"चल, टाकीपासनं बघू," तो आता अंबाजीला म्हणाला.

त्याची पद्धत ठरलेली होती. पोरवयात तो मेहकरहून निघून एका जिनिंगमध्ये लागला, तिथले उस्ताद महबूबसाब म्हणत, "डिझेल के पीछे पीछे जा बेटा. जहाँ वो रुका, वहाँ तू भी रुक." एवढंच त्यांचं शास्त्र. टाकीत डिझेल आहे का, बघायचं. कॉक उघडा आहे का, बघायचं. नळी धरून, बोट सरकवत, पुढं जायचं. मधली पायरी गाळायची नाही. माणूस पायरी गाळतो ती घाईत, आणि बिघाड नेमका त्याच पायरीवर बसलेला असतो.

टाकी काठोकाठ भरली होती. बिदरला जायच्या दोन दिवस आधी त्यानंच भरली होती. कॉक उघडा होता. फिल्टरची वाटी त्यानं उतरवली, बोटानं तळ पुसून बघितला. गाळ नव्हता.

कोपऱ्यात झेंडूच्या माळांचा ढीग पडला होता. परवा संध्याकाळी, मशीन चालू होईना तेव्हा, अंबाजीनं ओरबाडून काढलेल्या. फुलं सुकून तपकिरी झाली होती. अंबाजीनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याला बोलल्यावाचून राहवेना.

"ह्या बारीला अक्कानं लई झ्याक सजवली हुती, अण्णा. तू बघाया पायजे हुतास. नवरीच की."

खंडेनवमीला दवाखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होई. जीप, सुया उकळायचं भांडं, वजनाचा काटा, आणि सगळ्यांत थाट मशीनचा. नागनाथच्या बापानं छप्पन सालानंतर लगेच दीक्षा घेतलेली. नागनाथ पूजा करत नसे. पण आधल्या दिवशी रॉकेलनं मशीन धुऊन, पितळी नळ्या चिंचेनं घासून तो ती अशी लखलखीत करून ठेवी, की कुंकू लावणाराही हात आखडता घेई. मग तो बाहेर चिंचेखाली जाऊन बसे. मेहकरात त्याच्या आज्याला देवळाची पायरी चढता आली नव्हती, इथं पूजेआधी सगळे त्याला विचारत, "झालं का नागनाथ? लावू का हळद?" आरती झाली की दवाखान्याची आया चंद्रभागाअक्का चुरमुरे-खोबरं घेऊन त्याच्याकडं येई. दरवर्षी तेच विचारी.

"खातोस का रे? तुझा बुद्ध रागाला येतंय का बघ."

"चुरमुऱ्याला कुठला धर्म आलाय अक्का. आन हिकडं."

नवमीच्या पूजेनंतर मशीनला एक रात्र आराम असे. दसऱ्याला उजाडताच नागनाथ येई, माळा उतरवी, हळद-कुंकू पुसून घेई आणि एकदा चालू करून बघे. कुणी सांगितलेलं काम नव्हतं ते. ह्याच वर्षी तो पहाटेच्या गाडीनं बिदरला गेला. दसरा हा त्यांचाही दिवस. इतकी वर्षं इथल्याच विहारात तो वंदना करी. ह्या वर्षी नाव कायम व्हायचं होतं, लेकीच्या पोटी मूल यायचं होतं, म्हणून वाटलं, बिदरच्या मोठ्या मेळाव्याला जावं. डॉक्टरांनी तोंडी रजा दिली. अंबाजीला हँडल मारायचं शिकवून ठेवलेलंच होतं. चालू करायचं शिकवलं होतं. बंद नागनाथच करी.

"पाना दे. धाकटा," नागनाथ म्हणाला.

आता हवा. डिझेलच्या नळीत हवा धरली तरी मशीन अशीच मुकी होते. त्यानं पंपाजवळची चाकी ढिली केली आणि अंगठ्यानं दट्ट्या दाबू लागला. हवा असली तर तांदळाच्या पेजेसारखे बुडबुडे येतात. दोघंही वाकून बघत होते. एकही बुडबुडा न येता डिझेलची सरळ धार त्याच्या मनगटावरून खाली गेली.

"हवा न्हाई," अंबाजी म्हणाला. शिकल्याचा थोडा आनंद त्याच्या आवाजात होता.

"न्हाई."

नागनाथनं चाकी आवळली. पंपाच्या पुढं, नोझलकडं जाणारी नळी सोडली. "मार आता. हळू."

चाक हलकं फिरावं म्हणून अंबाजीनं वरची चावी उचलून हँडल फिरवलं. चाकानं पाच-सात फेरे घेतले. सुटलेल्या नळीच्या तोंडाशी नागनाथनं बोट धरलं होतं. बोट कोरडं राहिलं.

म्हणजे डिझेल पंपापर्यंत येत होतं आणि पंपाच्या पुढं जात नव्हतं. जिथं ते थांबलं होतं, तिथं नागनाथही थांबला. उकिडवा बसून राहिला. पंपात डिझेल अडवणारी एकच गोष्ट असते: बंद करायचा दांडा. खाली ओढला की डिझेल तुटतं, मशीन थांबते. सोडला की आतली स्प्रिंग त्याला पुन्हा वर नेते. दांडा भिंतीच्या अंगाला होता. मशीन बसवणाऱ्यानं ती भिंतीला इतकी खेटून बसवली होती, की त्या बाजूला दिसत काही नसे; हात घालायचा आणि चाचपडायचं. चौदा वर्षं नागनाथ न बघताच हात घालत आला होता.

"अंबाजी, माळा टाकून ये जा त्या उकिरड्यावर. आन् येताना रॉकेल आन वाईच."

"रॉकेल हाय की हितं."

"आजून आन."

अंबाजी माळांचा ढीग कवेत घेऊन गेला. त्याची पावलं लांब गेल्यावर नागनाथनं मशीनवरून ओणवं होऊन भिंतीकडच्या बाजूला हात घातला.

बोटांना आधी दोरा लागला.

त्यानं हात तसाच ठेवला. दोरा ओलसर, तेलकट होता. पाच वेढे. दांडा आणि त्याच्याखालची नळी असे दोन्ही मिळून बांधलेले, घट्ट, आणि दांडा खाली ओढला गेलेला. मध्ये काहीतरी टणक. बॅटरी तोंडात धरून, गाल मशीनच्या थंड लोखंडाला टेकवून त्यानं बघितलं. हळदीत बुडवलेला दोरा होता आणि त्यात हळकुंड. कंकण. नवरीच्या मनगटाला बांधतात तसं. आणि बांधणाराला त्या अंधाऱ्या फटीत मनगटासारखं पुढं आलेलं एवढंच काय ते सापडलं होतं.

गाठ त्यानं ओळखली. दुहेरी, शेपूट आत खोचलेलं. इंदिरा सहा वर्षांची असताना तिची आई टायफॉइडनं गेली. तेव्हापासून चंद्रभागाअक्का रोज सकाळी पाळीवर यायच्या आधी त्याच्या खोलीवर येई आणि पोरीच्या दोन वेण्या घाली. त्या वेण्यांच्या फितींना हीच गाठ असे. शाळेतून पोर धावत-पडत, धुळीनं माखून आली तरी ती सुटलेली नसे.

बॅटरी त्यानं तोंडातून काढली. दुसऱ्या हातात मोठा पाना होता. कधी उचलला ते आठवेना. तो त्यानं आवाज न करता खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"नागनाथ."

दारात चंद्रभागाअक्का उभी होती. एका हातात चहाचा ग्लास, वर बशी झाकलेली. दोन दिवसांत तिच्या अंगावरचं पातळ बदललेलं दिसत नव्हतं. तो सरळ झाला आणि मशीनला पाठ लावून उभा राहिला.

"सापडलं का रे?"

"बघायलोय."

"च्या घे. सकाळधरनं पोटात काय न्हाई तुझ्या. अंबाजी सांगायलता." ती आत येऊन उलट्या ठेवलेल्या डिझेलच्या डब्यावर बसली. "पोरीला दूध उतरलंय. पहाटेपासनं. अंग तापलंय नुसतं, छाती दगड झालीय. जाईची फुलं बांधले. आटंल दोन-तीन रोजात." ती थांबली. "दुधाला काय कळतंय रे. ते आपलं येतंय."

नागनाथनं चहाचा घोट घेतला. गोड होता की नाही ते कळलं नाही.

"काय बोलायली का?"

"न्हाई. भिंतीकडं तोंड करून हाय. एकडाव फकस्त म्हणली, अक्का, तुझी पेटी बंद कर. त्यात मी काजळ करून ठेवलते की बाळाला. एरंडेलाच्या दिव्यावर धरून, चांगलं. डबी उघड्यावरच ऱ्हायलती. तिला दिसायली असंल." पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग खाली बघतच म्हणाली, "तुला एक इचारू का? रागाला येऊ नको. तुमच्यात न्हाई हे, मला ठावं हाय."

"इचार."

"मी ह्या बारीला मशीनला कंकण बांधलते. इंदिराच्या नावानं. म्हणलं, येळ-अयेळ झाली तर हिच्याच उजेडात पोरगी सुटायची हाय, हिला जपलं पायजे. हिकडनं सगळ्यांचे हात लागतेत म्हणून तिकडनं, भिंतीकडनं बांधले. हात घालून घालून. कोपर खरचटलं बघ." तिनं कोपर पुढं केलं. खपली धरली होती. "आता रातभर मनात तेच यायलंय. कुणाचा हात लागून सुटलं का काय रे ते? सुटलं म्हणून असं झालं का?"

बाहेर कुणीतरी दवाखान्याच्या नळावर घागर आपटली. नागनाथला आपल्या पाठीला मशीनचं लोखंड लागलेलं जाणवत होतं, बरगडीशी, नेमकं पंपाच्या उंचीवर. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांत झालं असतं. नुसतं बाजूला सरकून बॅटरी तिच्या हातात दिली असती तरी झालं असतं.

"न्हाई अक्का," तो म्हणाला. "सुटलं न्हवतं. बांधलेलंच हाय. घट्ट."

तिनं वर बघितलं. तिचा चेहरा रडण्याच्या काठावर येऊन थांबला होता, तो थोडा सैल पडला.

"खरं?"

"आत्ताच हात लावून बघितलो."

"बरं," ती म्हणाली. गुडघ्यावर हात टेकून उठली, रिकामा ग्लास घेतला. "तेवढं तरी." आणि गेली.

ती व्हरांड्याच्या टोकाला वळेपर्यंत तो तसाच उभा होता. मग त्यानं हात घातला. पिशवीत पक्कड होती, पात्याचा चाकू होता. एका झटक्याचं काम. पण त्यानं नखानं गाठीचं खोचलेलं शेपूट शोधलं, ओढून काढलं, एकेक वेढा उलगडला. बराच वेळ लागला. शेवटचा वेढा निघाला तसा दांडा टक् करून वर गेला. एवढासा आवाज. दोरा आणि हळकुंड त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

अंबाजी रॉकेल घेऊन आला तेव्हा नळी पुन्हा बसवून झाली होती.

"मार."

"सापडलं?"

"मार तर."

दुसऱ्याच फेऱ्याला मशीननं धूर सोडला, खोकली, आणि धडधडू लागली. खोलीच्या खिडकीचे गज थरथरू लागले. अंबाजी हँडल घेऊन मागं सरला आणि हसला, मग हसणं बरं दिसणार नाही असं वाटून त्यानं तोंड पुसल्यासारखं केलं. "अगं तुझ्या आयला," तो मशीनला म्हणाला. "परवा काय झालतं गं तुला?"

साडेबाराला सुपरवायजर आला. पोटाशी कातडी पिशवी धरलेला, घामाघूम झालेला, बसमध्ये उभ्यानं आलेला माणूस. मशीन चालू बघून त्याला सुटल्यासारखं झालं. डॉक्टरांच्या खोलीत तो खुर्चीवर बसला, डॉक्टर टेबलाच्या पलीकडं, नागनाथ आणि अंबाजी उभे. त्यानं कानडीत विचारलं, डॉक्टरांनी ते फिरवून सांगायला तोंड उघडलं. पण नागनाथला कळलं होतं.

"हवा धरलती, साहेब," तो म्हणाला. "डिझेलच्या नळीत."

अंबाजीनं चटकन त्याच्याकडं बघितलं. "अण्णा, हवा तर—"

"तू काढलास की हँडल मारून," नागनाथ म्हणाला. त्यानं अंबाजीकडं असं बघितलं, की अंबाजीनं नजर खाली टाकली.

"गाळी," असं सुपरवायजरनं कागदावर लिहिलं. कानडीत हवेला आणि वाऱ्याला तोच शब्द. मग त्यानं विचारलं, हवा आपोआप कशी धरेल? टाकी रिकामी होऊ दिली तरच धरते. टाकी बघायचं काम कुणाचं?

"माझं."

"बघितलं नाहीस?"

"गावाला जायचं होतं. गडबडीत राहून गेलं. चूक माझी."

हे म्हणताना त्याला आपण खोटं बोलतोय असं वाटलं नाही. परवा सकाळी तो इथं असता, नेहमीसारखा माळा उतरवून त्यानं एकदा हात घातला असता, तर बोटांना दोरा लागलाच असता. पान्याचं काम नव्हतं. एका हाताचं होतं, आणि तो हात बिदरला वंदनेत जोडलेला होता.

डॉक्टर लिंगराज टेबलावरचा कागददाब उगाच इकडचा तिकडं करत होते. "नागनाथ," ते म्हणाले, "सोच के बोल. ये लिखे तो कागद वापस आता. मालूम है ना?"

"व्हय साहेब."

"टाकी भरी थी करके तूच बोला था मेरे कू. जाने के पयले."

"विसरलो आसंन."

सुपरवायजरनं कागद पुढं सरकवला. सगळं कानडीत होतं. आपलं नाव कुठं आहे तेवढं नागनाथला ओळखू आलं. त्यानं खाली मराठीत सही केली, अक्षरं जोडून, नीट: नागनाथ ग्यानबा. वरून हुकूम येईपर्यंत कामावर यायचं नाही, असं सुपरवायजरनं सांगितलं, तेही फार हळू आवाजात. घरी काय घडलंय ते त्याला कुणीतरी सांगितलं असावं. निघताना तो म्हणाला, "मशीन बंद करा आता. डिझेल कशाला जाळता."

नागनाथ आणि अंबाजी मागं मशीनच्या खोलीत आले. आवाजानं कान बसत होते.

"अण्णा, तू हे काय केलास?" अंबाजी ओरडून म्हणाला. "बुडबुडा तरी आलता का? मी बघितलो की डोळ्यानं. कुणाला वाचवायलास तू? मला? माझ्या हातनं काय झालं का?"

"न्हाई. तुझ्या हातनं काय झालं न्हाई. हिकडं ये. हात घाल तिकडनं."

"कुठं?"

"भिंतीकडनं. बघू नको, बघून दिसत न्हाई. खाली. आजून. काय लागलं?"

"दांडा लागलाय."

"हलतोय का मोकळा?"

"हलतोय."

"चालू करायच्या आधी रोज हात घालायचा. न चुकता. मोकळा हाय का बघायचं, मगच हँडलला हात लावायचा. नवमीच्या दुसऱ्या रोजी तर दोनदा. काय गुतलं-बितलं आसंल तर सोडवायचं. तोडायचं न्हाई, सोडवायचं. आन् कुणाला बोलायचं न्हाई. वड खाली."

अंबाजीनं दांडा खाली ओढला. मशीननं दोन-चार सुस्कारे टाकले आणि ती थांबली. अंबाजीचा हात अजून आत, फटीतच होता. त्याचं तोंड हळूहळू बदललं. त्यानं नागनाथच्या सदऱ्याच्या खिशाकडं बघितलं. पांढऱ्या कापडातून हळदीचा पिवळा डाग बाहेर आला होता.

त्यानं हात बाहेर काढला. मग तो पायजम्याला पुसत राहिला.

बायकांच्या वॉर्डात दुपारची सामसूम होती. शेवटच्या खाटेवर इंदिरा आता उताणी होती. छातीवर दुपदरी घडीचं फडकं आवळून बांधलेलं, त्याच्या कडेनं चार-दोन जाईची फुलं बाहेर आलेली, पिवळी पडलेली. फडक्यावर ओल पसरली होती. खाटेच्या पलीकडं, भिंतीला लागून, अक्काची पत्र्याची पेटी. बंद केलेली.

नागनाथ स्टूल ओढून बसला. हात धुवायचे राहिले होते. चादरीला काळं लागू नये म्हणून ते त्यानं मांडीवर वर करून धरले.

"अप्पा."

"काय बाळा."

"मशीनचा आवाज आला."

"व्हय."

लहानपणी ती ह्याच आवाजात झोपायची. लाईन गेली की शेजारपाजारची पोरं रडत. ही मात्र, आवाज सुरू झाला की, कूस वळवी. वरच्या कौलांकडं बघत ती म्हणाली, "आज लगीच चालू झाली, न्हाई?"

खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका बाईचा पंखा वाजत होता. खिशातलं हळकुंड नागनाथच्या बरगडीला टोचत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "आज लगीच झाली."

तिनं हात लांब करून त्याचा हात मांडीवरून ओढला. "धुतलो न्हाई ग," तो म्हणाला. तिनं ऐकलं नाही. डिझेलचा, रॉकेलचा तो हात तिनं गालाखाली घेतला, जसा ती पाचव्या वर्षी घेत असे, आणि डोळे मिटले. तो वाकून, पाठ अवघडून, हलला नाही.

चंद्रभागाअक्का भाताची पेज घेऊन आली तेव्हा इंदिरा झोपली होती. नागनाथनं हळूच हात सोडवला. पोरीच्या गालावर, कानशिलाजवळ, काळ्या तेलाचा एक गोल ठिपका उमटला होता.

"काळं लावलास की रे पोरीला," अक्का पुटपुटली. पेज खाली ठेवून तिनं पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि पुसायला वाकली. वाकली ती तशीच थांबली. ठिपक्याकडं बघत राहिली. मग पदर तिनं पुन्हा खांद्यावर घेतला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.